२४ लाखांची फेलोशिप, ९९ हजारांचा प्रयोग: केस आणि संप्रेरकांवरच्या एका पीएचडीचं प्रकरण

पुण्यातल्या एका विद्यापीठाचा जैवतंत्रज्ञान विभाग. विद्यार्थिनी सीएसआयआर-यूजीसी नेटच्या जीवशास्त्राच्या पेपरमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळवून आलेली, फेलोशिप यूजीसीची. विषय ठरला: पुरुषी संप्रेरकांचा, म्हणजे अँड्रोजनचा, माणसाच्या केसांच्या वाढीवर होणारा परिणाम. मार्गदर्शक मॅडमकडे पेशीसंवर्धनाची खोली आहे, कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर आहे, पण चालू प्रकल्प एकही नाही. हे प्रकरण कोणा एकीचं नाही. अशा प्रबंधांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एका जागी मांडायला ते रचलं आहे. नियम, रकमा आणि प्रयोगातली मापं मात्र खरी आहेत.

आधी हिशेब

१ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं जेआरएफला पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलो) झाल्यावर पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये मिळतात. पहिल्या टप्प्याचे ८,८८,०००, दुसऱ्याचे १५,१२,०००, एकूण बरोबर २४ लाख. घरभाडे भत्ता वेगळा. वसतिगृहात खोली घेतली की तो बंद. आकस्मिक निधी, ज्याला सगळे कंटिन्जन्सी म्हणतात, तो विज्ञान शाखेला पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १२,००० आणि नंतर वर्षाला २५,०००. पाच वर्षांचे मिळून ९९,०००.

संशोधकाच्या पोटापाण्याला २४ लाख आणि प्रयोगाला लाखालाही हजार कमी, अशी ही विभागणी आहे. त्या ९९ हजारांतूनच पुस्तकं, परिषदेचा प्रवास, प्रबंधाची छपाईसुद्धा भागवायची असते. "फेलोशिप आहे ना, मग पैशाची काय काळजी" हे वाक्य विभागात सर्रास ऐकू येतं, आणि नेमकं त्या भरवशावर विषय निवडला जातो. गणितासारख्या विषयात हे खपून जातं. माणसाच्या ऊतीवर काम करायचं असेल तर नाही.

पहिला आराखडा का पडला

पहिल्या आराखड्यात पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार) असलेल्या १०० स्त्रिया, नसलेल्या १०० आणि टक्कल पडत असलेले ५० पुरुष होते. प्रत्येकाच्या रक्तात सहा संप्रेरकं मोजायची, अंगावरच्या केसांची गुणश्रेणी द्यायची आणि शिवाय प्रयोगशाळेत केशमुळं वाढवायची. संशोधन सल्लागार समितीनं तो परत पाठवला, आणि योग्यच केलं.

साधं गणित बघा. एलायझा या प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीच्या एका ताटलीत ९६ कप्पे असतात. प्रमाणित द्रावणाच्या आठ पातळ्या दोनदा मोजल्या तर १६ कप्पे गेले. उरलेल्या ८० कप्प्यांत दोनदा-दोनदा मोजून ४० नमुने बसतात. २५० माणसांसाठी एका संप्रेरकाला सात ताटल्या, सहा संप्रेरकांना ४२. आयात केलेल्या एका संशोधन-किटलाच वर्षाचा आकस्मिक निधी संपतो, मग ४२ कुठून आणायच्या?

पैसा असता तरी मोजमाप लंगडंच राहिलं असतं. स्त्रियांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, पुरुषांच्या मानानं फारच थोडं. इतक्या खालच्या पातळीवर नेहमीच्या प्रतिपिंडाच्या चाचण्या भरवशाच्या नसतात. वस्तुमान वर्णपटमापी (मास स्पेक्ट्रोमीटर) लागतो. दुसरी गोष्ट प्रश्नावलीतून बहुतेक वेळा सुटते. केस गळणारी माणसं बायोटिनच्या गोळ्या घेतात. ज्या चाचण्या बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जोडीवर चालतात त्यांत हे जादा बायोटिन घोळ घालतं: टेस्टोस्टेरॉनसारख्या स्पर्धात्मक पद्धतीच्या चाचणीत आकडा खोटाच चढतो, टीएसएच किंवा एलएचसारख्या सँडविच पद्धतीत खोटाच उतरतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. केसांवरच्या अभ्यासात बायोटिनचा प्रश्न विचारलाच नाही, तर सगळा तक्ता संशयास्पद ठरतो.

अंगावरच्या केसांसाठी फेरिमन-गॅलवे गुणश्रेणी वापरतात. सुधारित रूपात शरीराच्या नऊ जागा, प्रत्येकीला ० ते ४ गुण, कमाल ३६. जुना उंबरठा ८ चा. पीसीओएसवरच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत तो वंशगटानुसार ४ ते ६ वर आणला आहे. पण आपल्याकडे तपासणीला येणारी मुलगी थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा लेझर करून येते, त्यामुळे हनुवटीला खुशाल शून्य गुण पडतो. हे काम नीट करायचं तर त्वचारोग विभाग, दोन स्वतंत्र निरीक्षक आणि वेगळा प्रकल्प हवा. एका जेआरएफच्या बळावर ते होत नाही.

समितीनं रक्ताचा आणि गुणश्रेणीचा भाग काढायला सांगितलं. उरली प्रयोगशाळेतली केशमुळं.

केशमूळ जिवंत ठेवण्याची कृती

ही पद्धत फिलपॉट, ग्रीन आणि केली यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही सगळे तिच्यावरच उभे आहेत. डोक्याच्या त्वचेतून अखंड केशमूळ काढायचं, सीरम न घालता विल्यम्स ई नावाच्या पोषक माध्यमात ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचं. चांगलं मूळ दिवसाला ०.३ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे डोक्यावर वाढलं असतं जवळपास तेवढंच.

५० मिलिलिटर माध्यमाची कृती अशी: २०० मिलिमोलर ग्लुटामाइनच्या द्रावणातून ५०० मायक्रोलिटर (अंतिम २ मिलिमोलर), पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचं शंभरपट द्रावण ५०० मायक्रोलिटर, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इन्शुलिनमधून ५० मायक्रोलिटर (अंतिम १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर), आणि एकंदर ५०० नॅनोग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (अंतिम १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). मोठी बाटली एकदम तयार करून ठेवू नये. ग्लुटामाइन ठेवल्या ठेवल्या विघटित होतं आणि दोन दात्यांमध्ये महिनाभराचं अंतर सहज पडतं. मूळ माध्यमाचे ५० मिलिलिटरचे निर्जंतुक वाटे करावेत आणि बाकीचं त्या त्या दिवशी मिसळावं.

२४ कप्प्यांच्या ताटलीत कप्प्यामागे एक मूळ, अर्धा मिलिलिटर माध्यम. एका भरणीला १२ मिलिलिटर. सुरुवातीची एक आणि पुढच्या तीन मिळून दात्यामागे ४८ मिलिलिटर. या प्रयोगात माध्यमावर फार खर्च होत नाही. प्रतिपिंडं, आरएनएची किटं आणि सूक्ष्मदर्शकाचे तास हेच खरे खर्चिक.

संप्रेरकांचा अभ्यास करायला निघालेल्या माणसानं माध्यमाकडे जरा वाकड्या नजरेनं बघायला हवं. इन्शुलिन संप्रेरक, हायड्रोकॉर्टिसोनही संप्रेरक. उपाशीपोटी रक्तात इन्शुलिन मिलिलिटरला अर्धा नॅनोग्रॅमसुद्धा नसतं. इथं १०,००० नॅनोग्रॅम आहे. ते कमी केलं तर मूळ लवकर वाढ थांबवून कॅटाजेनकडे, म्हणजे आक्रसण्याच्या टप्प्याकडे झुकतं, म्हणून ठेवावंच लागतं. हायड्रोकॉर्टिसोनचा ग्राही (संप्रेरक ज्याला जोडलं जातं ते प्रथिन) आणि अँड्रोजनचा ग्राही डीएनएवरच्या बऱ्याचशा सारख्याच खुणांना चिकटतात. माध्यम लाल दिसावं म्हणून घातलेलं फिनॉल रेडही हलकं इस्ट्रोजनसारखं वागतं. त्यामुळे फिनॉल रेड नसलेलं विल्यम्स ई मुद्दाम मागवावं लागतं. मागणीपत्रात ते स्पष्ट लिहिलं नाही तर पुरवठादार हाताशी असलेली लाल बाटली पाठवतो, आणि खरेदी विभाग ती परत घेत नाही.

टेस्टोस्टेरॉनचा रेणुभार २८८.४. अल्कोहोलमध्ये १० मिलिमोलर साठा करायचा तर मिलिलिटरला २.८८ मिलिग्रॅम. त्यातून हजारपट विरळ करून १० मायक्रोमोलर, आणि त्यातलं १ मायक्रोलिटर दर मिलिलिटर माध्यमात: १० नॅनोमोलर, सोबत ०.१ टक्का अल्कोहोल. तितकंच अल्कोहोल नियंत्रण गटातही हवं. साठा काचेच्या कुपीत ठेवायचा, कारण स्टिरॉइड प्लास्टिकला चिकटतात आणि मोजलेली मात्रा कागदावरच राहते.

१० नॅनोमोलरवर तज्ज्ञ हमखास बोट ठेवतात. प्रौढ पुरुषाच्या रक्तात एकूण टेस्टोस्टेरॉन ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे साधारण १० ते ३५ नॅनोमोलर असतं, तेव्हा आपली मात्रा नैसर्गिक वाटते. पण रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेलं असतं. मोकळं सुमारे २ टक्केच. सीरम नसलेल्या माध्यमात ते बांधायला कोणी नाही, सगळंच मोकळं. म्हणजे प्रत्यक्षात आपण पंधरा ते पन्नास पटींनी जास्त देतोय. १ नॅनोमोलरचा एक गट ठेवला असता तर हा प्रश्न उठलाच नसता.

ऊती कुठून आणायची

पुण्या-मुंबईत केसरोपणाची क्लिनिकं गल्लोगल्ली आहेत. एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या बाजूची मुळं बारीक पंचनं एकेक करून काढतात आणि पुढे लावतात. हजारो ग्राफ्टच्या, म्हणजे काढलेल्या मुळांच्या, शस्त्रक्रियेत थोडे उरतातच, ते आपल्याला मिळाले तर ऊती फुकट, असा विचार कोणीही करेल. या प्रकरणातही तोच झाला.

यात दोन फसगती आहेत. क्लिनिक जे टाकून देतं ते बहुतेक काढताना तुटलेलं असतं, आणि खालचा कंद नसलेलं मूळ या प्रयोगाला निरुपयोगी. डॉक्टर "चाळीस देतो" म्हणाले तर स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली निवड केल्यावर चोवीसच हाती लागतात. वाढीच्या टप्प्यातलं, ॲनाजेन ६ अवस्थेतलं मूळ ओळखू येतं: खालचा कंद कांद्याच्या पातीच्या गड्ड्यासारखा फुगीर, रंगद्रव्यानं काळा, आणि त्याच्या पोटात फिकट जिभेसारखी त्वचीय पॅपिला (केसाला वाढीचे संकेत देणाऱ्या पेशींचा पुंजका) वर घुसलेली. विश्रांतीतल्या मुळाचं टोक गदेसारखं आणि पांढुरकं, ते बाजूला. चिमट्यानं धरायचं ते वरच्या टोकाच्या ऊतीला. कंदाला चिमटा लागला की ते मूळ तासाभरात ठीक दिसतं आणि दोन दिवसांत वाढणं थांबवतं. एफयूईच्या ग्राफ्टमध्ये कंदाभोवतीचं संयोजी आवरण पुष्कळदा सोललेलं असतं, त्याचीही नोंद हवी. पहिले २४ तास सगळ्यांना साध्या माध्यमात ठेवून जे वाढत नाही ते काढून टाकायचं, आणि मगच गट पाडून संप्रेरक द्यायचं. आधी गट पाडले तर कमकुवत मुळं एकाच गटात जमून निकालच फिरतो.

दुसरी फसगत मोठी, कारण तिनं दीड वर्ष खाल्लं.

कागदपत्रांचं घड्याळ

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क करावा लागतो. त्यात सहा महिने गेले. आठव्या महिन्यात आराखडा मंजूर, नवव्यात नीतिसमितीकडे अर्ज, तेराव्यात मंजुरी, पंधराव्यात क्लिनिकशी ऊती हस्तांतरणाचा करार. पहिला ग्राफ्ट सोळाव्या महिन्यात हातात आला, तोवर ३७,००० च्या हिशेबानं ५,९२,००० रुपये फेलोशिप खर्ची पडली होती आणि एकही केस मोजलेला नव्हता.

नीतिसमितीनं विचारलेले प्रश्न आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतलेच होते, म्हणजे आधी ओळखता आले असते. संमती कोण घेणार? शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नकोत. रुग्णाला त्यांना नाही म्हणणं जड जातं. "उरलेला" ग्राफ्ट कशाला म्हणायचं? त्याचा लेखी निकष हवा, म्हणजे संशोधनासाठी म्हणून एकही जास्तीचं मूळ काढलं जाणार नाही. दात्याचं नाव कोणाकडे, संकेतांक कोणाकडे? जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था काय? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण २०१६ च्या नियमांनुसार मानवी ऊती पिवळ्या पिशवीतून अधिकृत सुविधेकडेच जायला हवी, आणि विज्ञान विभागांकडे असा करार पुष्कळदा नसतो. तो करण्यात महिना गेला.

यातलं बरंचसं काम कोर्सवर्क चालू असतानाच उरकता येतं. नीतिसमितीकडे अर्ज मार्गदर्शकाच्या नावानं जातो. त्याला विद्यार्थ्याच्या नोंदणीची वाट पाहावी लागत नाही. संमतिपत्र मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पहिल्याच महिन्यात तयार व्हायला हवं.

दात्यांच्या निवडीत औषधांचा प्रश्न येतो. केसरोपणाला येणारा माणूस बहुधा आधी फिनास्टेराइड हे केसगळतीवरचं औषध घेऊन झालेला असतो, आणि फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या अधिक प्रभावी अँड्रोजनमध्ये रूपांतर करणारं ५-अल्फा-रिडक्टेज हे विकर दाबतं. त्याच जातीचं ड्यूटास्टेराइड तर शरीरातून निघायला महिने घेतं. त्याचा अर्धायुकाळ सुमारे पाच आठवडे. रक्तदानात फिनास्टेराइडनंतर एक महिना आणि ड्यूटास्टेराइडनंतर सहा महिने थांबायला सांगतात. इथंही तोच निकष घेतला, आणि निम्मे इच्छुक दाते गळाले.

तीन दाते, काहीच फरक नाही

पहिल्या तीन दात्यांच्या मुळांवर अल्कोहोल, टेस्टोस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन-अधिक-फिनास्टेराइड असे तीन गट केले, प्रत्येकी आठ मुळं. सहाव्या दिवशी तिन्ही गटांची लांबी सारखीच. विभागात चर्चा सुरू झाली की संप्रेरक जुनं असेल, इन्क्युबेटर बिघडला असेल.

नशीब असं की तिसऱ्या दात्याच्या चार जादा मुळांवर टीजीएफ-बीटा हे संकेत-प्रथिन टाकून पाहिलं होतं. ते या संवर्धनात वाढ रोखतं हे १९९० पासून माहीत आहे, आणि इथंही त्यानं रोखली. म्हणजे मुळं जिवंत होती आणि प्रतिसाद देण्याच्या स्थितीत होती. टेस्टोस्टेरॉनला मात्र ती ढिम्म राहिली.

राहणारच होती. सगळी मुळं डोक्याच्या मागच्या भागातली. ऑरेंट्राइश यांनी १९५९ मध्ये दाखवलं की रोपण केलेला केस नव्या जागेचे नाही, मूळ जागेचे गुण घेऊन वाढतो. मागचा केस पुढे लावला तरी गळत नाही. केसरोपणाचा सगळा धंदा याच गोष्टीवर चालतो. ज्या गुणामुळे हे मूळ रोपणाला चालतं, त्याच गुणामुळे ते अँड्रोजनच्या प्रयोगात गप्प बसतं. फुकट आणि भरपूर मिळणारी ऊती नेमकी या प्रश्नाला निरुपयोगी निघाली.

अँड्रोजन आणि केसांचं नातं जागेवर ठरतं, हे काही नवीन नाही. हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. १९७४ मध्ये इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या ५-अल्फा-रिडक्टेजची जन्मजात कमतरता असलेल्या पुरुषांचं वर्णन केलं. त्यांची दाढी विरळ आणि टक्कल नाही. तोच धागा पुढे नेऊन १९९७ मध्ये १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडला अमेरिकेत केसगळतीसाठी परवानगी मिळाली. म्हणजे तेच संप्रेरक हनुवटीवर केस वाढवतं, टाळूवर बारीक करतं आणि मागच्या बाजूला काहीच करत नाही.

प्रश्न फिरवला

डोक्याच्या पुढच्या भागातली, जिथले केस गळायला लागलेत ती मुळं आणावीत, ही पहिली सूचना. ती टिकली नाही. क्लिनिक तिथून काही काढतच नाही, म्हणजे ४ मिलिमीटरचा वेगळा पंच घ्यावा लागणार; तो संशोधनासाठीचाच छेद ठरतो आणि नीतिसमितीचं गणितच बदलतं. शिवाय ती मुळं इतकी बारीक झालेली असतात की अखंड काढणं अवघड.

दुसरा मार्ग क्लिनिकच्या डॉक्टरांनीच सुचवला. टक्कल खूप पसरलेल्या रुग्णाला मागचे केस पुरत नाहीत तेव्हा हनुवटीखालच्या दाढीचे ग्राफ्टही काढतात. त्यातली उरलेली मुळं घेतली तर एकाच माणसाची दोन प्रकारची मुळं मिळतात: एक अँड्रोजनला उत्तर देणारं, एक न देणारं. वय, औषधं, रक्तातलं संप्रेरक, सगळं समान. प्रबंधाचा प्रश्न बदलला: एकाच माणसात दाढीचं मूळ बोलतं आणि मानेकडचं गप्प राहतं, हे पॅपिलातल्या कुठल्या फरकामुळे? अँड्रोजन ग्राही आणि ५-अल्फा-रिडक्टेजचा दुसरा प्रकार, दोन्ही ठिकाणी किती? आमच्या मते हा प्रश्न पहिल्या दोन्ही आराखड्यांपेक्षा सरस आहे, आणि स्वस्तही.

नवी जागा म्हणजे नीतिसमितीकडे सुधारणा अर्ज; नुसतं कळवून भागत नाही. त्यात दोन महिने गेले. असे रुग्ण महिन्याला जेमतेम एक. म्हणून पॅपिलाच्या पेशी वेगळ्या करून वाढवाव्यात, म्हणजे साठा होईल, असा मोह होतो. पण पेशी एका ताटलीतून दुसरीत नेता नेता अँड्रोजन ग्राही हरवत जातो. चौथ्या-पाचव्या पिढीच्या पेशींवर टेस्टोस्टेरॉन टाकून "परिणाम नाही" असं लिहिणं म्हणजे कान काढून घेतलेल्याला हाक मारणं. ताज्या मुळांवरच काम ठेवलं.

दात्यांची संख्या दहा ठरली. इथं संख्याशास्त्राची चूक हमखास होते: दहा दात्यांची २४० मुळं म्हणजे नमुना २४० नाही, दहा. एका माणसाची चोवीस मुळं एकमेकांना बांधलेली असतात. विश्लेषणात दाता हा यादृच्छिक घटक धरूनच प्रारूप बसवायला हवं, नाहीतर परीक्षक पहिल्याच प्रकरणावर अडतो. नोंदवहीत तारखेचा रकाना असावा, कारण ऋतूचाही हात असतो. व्हॅलरी रँडल आणि एबलिंग यांनी १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या १४ पुरुषांवर दीड वर्ष नोंदी ठेवून दाखवलं की डोक्यावरच्या वाढत्या केसांचं प्रमाण मार्चमध्ये सर्वांत जास्त आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी, तर दाढीची वाढ जानेवारी-फेब्रुवारीत मंद आणि जुलैत जोरात. आपल्या अक्षांशावर तसंच होईल असं नाही, पण तारीख न लिहिण्याला सबब नाही.

पावसाळ्यात बुरशी येते. तेव्हा ॲम्फोटेरिसिन टाकायचा विचार होतो. ते स्टेरॉलला चिकटणारं औषध आहे, तटस्थ नाही. टाकायचंच तर सगळ्या गटांत आणि सगळ्या दात्यांना. त्यापेक्षा इन्क्युबेटरमधलं पाणी आठवड्याला बदलणं सोपं.

(या विषयातलं सर्वांत स्वस्त संशोधन बहुधा १९७० मध्ये नेचरमध्ये निनावी छापून आलेलं. एका दुर्गम बेटावर काम करणाऱ्या लेखकानं विजेच्या वस्तऱ्यातली स्वतःची दाढी रोज तोलली आणि सुट्टीवर जोडीदाराकडे जायचे दिवस जवळ आले की ती जास्त भरते असं नोंदवलं. खर्च तराजूचा. नमुना मात्र एकच.)

दोन वर्षांनी, आणि दुसरा खिसा

जेआरएफचं एसआरएफ आपोआप होत नाही. मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि बाहेरचे तज्ज्ञ अशी समिती काम बघते. या प्रकरणात तेव्हा हातात सहा दाते होते, त्यांतले दोनच दाढीचे. मांडणी निकालांची केली नाही. पद्धत बसली याचा पुरावा, टीजीएफ-बीटाचं नियंत्रण, मंजूर सुधारणा अर्ज आणि उरलेल्या दात्यांचं वेळापत्रक, एवढंच दाखवलं. बाहेरच्या तज्ज्ञांनी मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा प्रश्न विचारला. १ नॅनोमोलरचा गट त्या बैठकीनंतर आला.

पैशाचा दुसरा खिसा मार्गदर्शकानंच उघडायचा असतो. फेलोशिपधारक स्वतःच्या नावानं प्रकल्प मागू शकत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांबरोबर आयसीएमआरकडे बाह्य प्रकल्पाचा अर्ज केला तर प्रतिपिंडं, आरएनएची किटं आणि वस्तुमान वर्णपटमापीचे तास त्यात बसतात. निकालाला वर्ष जातं असं धरावं, आणि नीतिसमितीची मंजुरी असल्याशिवाय निधी सुटत नाही. म्हणून ती आधी मिळवण्याचा दुहेरी फायदा. उपकरणांसाठी आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरच्या संस्थांचे दर आणि वेळा दिसतात. पुण्यात शेजारी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक असताना तासाचं भाडं भरणं स्वतःच्या विभागातला जुना सूक्ष्मदर्शक दुरुस्त करण्यापेक्षा पुष्कळदा परवडतं. १०० मायक्रोलिटरची प्रतिपिंडाची कुपी शंभरपट विरळ केली तर १० मिलिलिटर, छेदामागे ५० मायक्रोलिटर धरून २०० छेद. दहा दाते, दोन जागा, तीन गट, गटामागे तीन मुळं म्हणजे १८० छेद. एक कुपी पुरते, पण चाचपणीचे छेद धरले तर जेमतेम. कुपी बदलली की तुकडीचा क्रमांकही बदलतो आणि तुलना अवघड होते. दोन घ्यायच्या तर एकाच तुकडीच्या.

रोजच्या व्यवहारात मात्र पैसे अडकतात ते वेगळ्याच जागी. यूजीसीची फेलोशिप ऑनलाइन पोर्टलवरून येते, आणि विद्यापीठातल्या मेकर-चेकरनं, म्हणजे तिथं नोंद करणाऱ्यानं आणि ती तपासणाऱ्यानं, दर महिन्याला हजेरी कायम केली नाही तर त्या महिन्याची रक्कम थांबते. ते दोघं कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. घरभाड्याचं प्रमाणपत्रही वेळेत द्यावं. एका वेळी एकच फेलोशिप चालते: आधी राज्याच्या संस्थेची घेतली असेल आणि नंतर जेआरएफ लागली, तर पहिली सोडावी लागते आणि दोन्हींच्या एकत्र आलेल्या महिन्यांची रक्कम परत करावी लागते.

नेट न लागलेल्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, ज्याच्या त्याच्या प्रवर्गानुसार. तिथं जाहिरात, मुलाखत आणि पहिली रक्कम यांत बराच काळ जातो, तोवरची सोय आधी हवी. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड आणि मँचेस्टर इथं केसांवर मुरलेले गट आहेत. तिथली जागा बहुधा ठरलेल्या विषयाची, ऊतीची व्यवस्था आणि रसायनांचा निधी यांसह जाहीर होते. यूकेआरआय या ब्रिटनच्या संशोधन-निधी संस्थेचं किमान विद्यावेतन २०२४-२५ मध्ये वर्षाला १९,२३७ पौंड होतं, पण परदेशी विद्यार्थ्यांना एका तुकडीत ३० टक्क्यांच्या आतच जागा देता येतात आणि फीमधला फरक कोण भरणार हे आधी विचारावं लागतं. भारतातले नमुने तिकडे न्यायचे ठरलं, तर परदेशी सहकार्य म्हणून आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते.

पंचेचाळिसाव्या महिन्यात दहावा दाता झाला. पॅराफिनचे ठोकळे आणि उणे ८० अंशांवरचं आरएनए उरलं आहे, आणि त्वचारोग विभागाला त्यातून इस्ट्रोजन ग्राही बघायचे आहेत. पहिल्या पाच दात्यांच्या संमतिपत्रात "या अभ्यासासाठी" एवढंच लिहिलं होतं. पुढच्या पाचांत भविष्यातल्या वापराला हो किंवा नाही असे दोन चौकोन होते. त्यामुळे नव्या कामाला पाचच दाते मिळतील, तेही ज्यांनी "हो" वर खूण केली तेवढेच, आणि त्यासाठी नीतिसमितीकडे पुन्हा अर्ज गेला आहे.